बडोद्यात मराठी मंडळींसाठी प्रौढ वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना मतदान करता येतं त्यांना पुन्हा शिकवायचं काय? मत तर अंगठेबहाद्दरही देतो.

देतो, आणि द्यायलाच हवं. राज्यघटनेच्या कलम 326 ने प्रौढ मताधिकार दिला तेव्हा देशात साक्षर माणसं शंभरात अठराच्या आसपास होती. तरीही कोणी ‘आधी शाळा, मग मत’ अशी अट घातली नाही. निशाणी पाहून मत देता यावं म्हणून पक्षांना चिन्हं दिली. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 1989 पासून, 61 व्या घटनादुरुस्तीने.

पण मतदान पाच वर्षांतून एक दिवस. उरलेल्या दिवसांत वेरा (महापालिकेचा कर) बिल येतं, रेशनची पावती येते, बचत गटाच्या कर्जाचा कागद सहीला येतो, वॉर्ड ऑफिसमधून नोटीस येते. या कागदांसमोर जो गप्प बसतो त्याला लोकशाही फक्त मशीनच्या बटणापुरती भेटते. प्रौढ वर्गाचं काम या उरलेल्या दिवसांसाठी आहे.

आमच्याकडे बहुतेकांना सही येते. मग त्यांना साक्षर धरायचं ना?

मुळीच नाही, आणि ही चूक सगळ्यात महाग पडते. अंगठा लावणाऱ्या बाईला निदान बँकेत साक्षीदार लागतो, म्हणजे कोणीतरी दुसरा माणूस तो कागद बघतो. सही शिकली की तेवढीही आडकाठी राहत नाही. ‘सही येते ना काकू? मग करा इथे.’ गट-कर्जात अशा सहीने माणूस दुसऱ्याचा जामीन होतो आणि ते त्याला हप्ता थकल्यावर कळतं.

म्हणून सही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिकवा. त्याआधी चार गोष्टी कागदावर शोधता यायला हव्यात: रक्कम, तारीख, ‘जामीन’ हा शब्द आणि रिकामी सोडलेली जागा. रिकाम्या रकान्यावर तिरकी रेघ मारून मग सही करायची, हा धडा बाराखडीच्या आधी देता येतो. रेघ मारायला अक्षर लागत नाही. ‘घरी नेऊन वाचते, उद्या देते’ हे वाक्यही मोठ्याने म्हणवून घ्या. पहिल्यांदा म्हणताना सगळ्यांचा आवाज खाली जातो.

कोणती लिपी शिकवायची, बाळबोध (म्हणजे देवनागरी) की गुजराती?

बडोद्यातला हा खरा प्रश्न आहे, आणि बाहेरून आणलेल्या पुस्तिकांत त्याचं उत्तर सापडत नाही. इथे तीन तऱ्हेची माणसं येतात.

पहिली, महाराष्ट्रात चौथी-सातवी झालेल्या आणि लग्न होऊन इथे आलेल्या बायका. त्या पोथी वाचतात, पण वेरा बिल वाचत नाहीत. यांना निरक्षर म्हणू नका. त्यांना फक्त लिपी हवी आहे आणि त्याला तीन-चार आठवडे पुरतात. ग, घ, त, थ, ध, न, म, य, व, श, स ही अक्षरं शिरोरेषा काढली की जवळजवळ तीच राहतात. खरे कष्ट क, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल, अ आणि इ यांचे. ही अकरा अक्षरं वेगवेगळ्या कार्डांवर लिहा आणि रोज दोन-तीनच घ्या. आकड्यांत एक फसगत हटकून होते: गुजराती 2 चा आकडा ‘र’ सारखा आणि 5 चा ‘प’ सारखा दिसतो. घरनंबर वाचताना लोक इथेच अडतात, म्हणून आकडे आधी पक्के करा.

दुसरी, कधीच शाळेत न गेलेली माणसं. यांना बोलायला मराठी, वाचायला गुजराती, शिकायला हिंदी असा तिहेरी भार देऊ नका. शब्द त्यांच्याच तोंडचा मराठी, अक्षर मात्र गुजराती, असं सरळ चालतं. गुजराती लिपीत ‘ळ’ आहे, त्यामुळे काळे, कांबळे, नळ, शाळा सगळं नीट लिहिता येतं. ‘मराठी माणसाला बाळबोध आधी’ असा आग्रह धरणारे भेटतील. त्यांचा मुद्दा प्रेमाचा आहे, पण बसची पाटी, दवाखान्याचा बोर्ड, नातवाची वही हे सगळं गुजरातीत असेल तर वर्गात शिकलेलं वर्गाच्या दारातच संपतं. वाचन हाताला लागल्यावर देवनागरी पाच-सहा आठवड्यांत येते आणि तिच्यामागून हिंदीही.

तिसरी, इथेच वाढलेली तरुण पोरं. घरात मराठी बोलतात, वाचतात गुजराती. हे तुमचे शिक्षक. सत्तरीच्या मावशी बाळबोध वाचून दाखवतील, पोरगा गुजराती. अशा जोड्या लावल्या की शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण हे ठरवायची गरज उरत नाही.

वर्ग सुरू करायला काय काय लागतं?

बारा ते पंधरा माणसं. वीसच्या वर गेलात तर मागच्या रांगेतले महिन्याभरात गळतात. आठवड्याला पाच दिवस, रोज सव्वा तास. बायकांना दुपारी अडीच ते पावणेचार सोयीचं पडतं, कारखान्यातल्या आणि गाडीवाल्या पुरुषांना रात्री साडेआठनंतर. दोघांचा एकच वर्ग करायचा हट्ट धरू नका.

चार बाय तीन फुटांचा काळा फळा भिंतीला जमिनीपासून तीन फुटांवर टांगा, खाली बसलेल्यांना दिसला पाहिजे. गुडघ्यांसाठी पाच-सहा खुर्च्या ठेवा. खडू, पाट्या, जाड शिशाच्या पेन्सिली, चौरेघी वह्या. छापील मजकुराचं अक्षर सुरुवातीला बोटाच्या पेराएवढं असू द्या. दिवा फळ्यावर नको, वहीवर पडला पाहिजे.

आणि पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. ‘माझं डोकं चालत नाही’ म्हणून वर्ग सोडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना लागतो तो फक्त जवळच्या वाचनाचा चष्मा. हे तपासल्याशिवाय कोणाला मंद ठरवू नका.

जागा कुठे घ्यावी? देवळाचा हॉल फुकट मिळतोय.

फुकट मिळाला तरी आधी विचारा की तिथे कोण येणार नाही. काही घरं देवळात जाणार नाहीत, काहींना तिथे कधी सहज बसू दिलेलं नाही. एका जातीच्या मंडळाच्या वाडीतही तेच. महापालिकेच्या शाळेची खोली, सोसायटीचं सार्वजनिक ऑफिस, नाहीतर आळीपाळीने घराचे ओटे, हे बरं. जागा ज्याची, त्याचा बॅनर लागतो आणि बॅनर लागला की अर्धी गल्ली येत नाही.

शिकवायला सुरुवात कुठून करायची? अ, आ, इ पासून?

मुलांना तसं शिकवतात, कारण त्यांच्यापुढे वेळच वेळ असतो. मोठ्यांना शब्दापासून शिकवा, तोही भांडणाचा शब्द असला तर उत्तम: पाणी, गटर, रेशन, वेरा, भाडं. ‘पाणी’ घेतलात तर पहिली दहा मिनिटं फक्त बोलणं. नळ किती वाजता येतो, दाब का नाही, टँकरचे पैसे कोणी दिले. मग शब्द फळ्यावर, मग पा-णी असा तोडून, मग पा पि पु, णी णा णे, आणि त्या तुकड्यांतून नवे शब्द. आठवड्याला दोन मूळ शब्द पुरतात. कधीच न शिकलेला माणूस रोज आला तर साधारण पाच-सहा महिन्यांत हळूहळू का होईना, नोटीस वाचतो.

शिकवणाऱ्याने ‘चूक’ हा शब्द फळ्यापुरता ठेवावा. आणि पन्नाशीच्या माणसाला ‘अहो’च म्हणावं. ‘शाब्बास बाळ’ ऐकायला कोणी दिवसभर राबून येत नाही.

गणिताचा लोकशाहीशी काय संबंध?

रेशनच्या दुकानात उभे राहा म्हणजे कळेल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला घरामागे 35 किलो. म्हणजे सहा माणसांचं प्राधान्य कार्ड असेल तर 30 किलो. पाचचा पाढा येणारी बाई दुकानातल्या काट्याकडे बघते, पावतीवरचा आकडा वाचते आणि ‘25 च का?’ असं विचारते. कार्डावर सहापैकी पाचच नावं जिवंत आहेत का, हेही तिला तेव्हाच कळतं. कित्येकदा दुकानदाराची लबाडी नसते, सुनेचं नाव चढवायचंच राहिलेलं असतं.

त्यापुढे वजाबाकी घ्या ती भरलेली रक्कम आणि बाकी यांची, भागाकार घ्या तो सोसायटीच्या खर्चाचा. टक्केवारी सगळ्यात शेवटी, सावकारी व्याजाच्या हिशेबावर. ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस, हे फळ्यावर मांडलं की वर्गात काही वेळ कोणी बोलत नाही.

वर्गातच लोकशाही कशी आणायची? शिक्षक तर एकच असतो.

दर आठवड्याला अध्यक्ष बदला. अध्यक्षाने तीन कामं करायची: हजेरी, कोणी किती बोललं यावर लक्ष, आणि शेवटी पाच ओळींचं इतिवृत्त (लिहिता येत नसेल तर सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं). महिना दहा रुपये वर्गणी, डबा एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हिशेब मोठ्याने वाचायचा. खडूचे चाळीस रुपये कुठे गेले हे विचारायला ज्याची जीभ रेटली, तो पुढे रस्त्याचे चाळीस लाखही विचारू शकतो.

निर्णय हात वर करून घेऊ नका. सासूचा हात वर गेला की सुनेचा जातोच, आणि सुपरवायझर त्याच वर्गात असेल तर सगळ्या कामगारांचा. वर्गाची वेळ बदलायची असेल तर एकदा हात वर करून मोजा, लगेच चिठ्ठीवर सूर्य आणि चंद्र अशी चिन्हं काढून गुप्त मत घ्या. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा. ते बहुधा जुळत नाहीत. गुप्त मतदान कशासाठी असतं, यावर वेगळं भाषण मग लागत नाही.

मतदार यादीचा धडा कसा घ्यावा?

खरी यादी आणून. ‘मतदार यादी’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे, तिथूनच सुरू करा. प्रत्येकाने आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधायचा. या एका तासात आकडे आणि आडनाव दोन्हींचा सराव होतो.

मराठी नावांत ठरलेल्या चुका असतात. इंग्रजीतून गुजरातीत नाव उतरवताना काळेचं ‘काले’ होतं, नवऱ्याच्या जागी वडिलांचं नाव राहतं, माहेरच्या आणि सासरच्या आडनावाने एकच बाई दोनदा दिसते. नवं नाव घालायला अर्ज 6, नाव काढायला 7, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला 8. वयाची अट आता वर्षातून चार तारखांना मोजतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं कारण नाही. अडलं तर 1950 हा मदतीचा नंबर आहे.

एक गोष्ट जरूर सांगा. केंद्रावर गेल्यावर ‘तुमचं मत पडून गेलं’ असं म्हणाले तर परत फिरायचं नाही. ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत मागता येतं, त्याला प्रदत्त मत म्हणतात. लोकसभा-विधानसभेला मशीनशेजारच्या काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते, ती बघूनच बाहेर पडायचं.

महापालिकेच्या मतदानात लोक का गोंधळतात?

कारण तिथे एका मतदाराला चार मतं असतात. बडोद्यात 19 वॉर्ड, प्रत्येकातून चार, असे 76 नगरसेवक, त्यांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी. अनेक जण एक बटण दाबून निघतात. म्हणून पुठ्ठ्याचं मशीन करून सराव घ्या: चार जागा, चार गठ्ठे, चार वेळा बोट. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा आयोग नाही. आणि महापौर आपण थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी. ‘आम्ही महापौराला मत दिलं’ असं कोणी म्हणालं तर हसू नका, फळ्यावर चित्र काढा.

तक्रारीचा अर्ज मराठीत दिला तर चालतो का?

घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, आणि मराठी इथे वापरात आहेच. खिडकीवरचा माणूस कुरकुर करेल तो भाग निराळा. लवकर काम हवं असेल तर गुजरातीत द्या, हक्क दाखवायचा असेल तर मराठीत द्या. दोन्ही एकाच दिवशी साधायला जाऊ नका.

अर्ज एका पानाचा. तारीख, कोणाला, विषय एका ओळीत, काय-कुठे-केव्हापासून, आणि नेमकं काय करून हवं. ‘गटर तुंबलंय, लक्ष द्यावे’ याला उत्तर येत नाही. ‘शाळेच्या फाटकासमोरचं झाकण 3 तारखेपासून फुटलेलं आहे, बदलून द्यावे’ याला येतं. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पोच नसलेला अर्ज म्हणजे चहाच्या टपरीवर मारलेल्या गप्पा. पंधरा दिवसांनी त्याच नंबराचा हवाला देऊन स्मरणपत्र. तरीही काही हललं नाही तर ‘स्वागत’ ही राज्याची तक्रार-सुनावणी आहे, 2003 पासून. तिथे आधीच्या अर्जाची पोच बरोबर ठेवा.

माहिती अधिकार नवसाक्षरांना जमतो का?

जमतो, आणि कायद्यानेच त्यांची सोय केली आहे. 2005 च्या कायद्याच्या कलम 6 प्रमाणे ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत देता येतो. म्हणजे बाळबोध येणाऱ्या मावशी हिंदीत लिहू शकतात. गुजरातेत फी 20 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर माफ. उत्तर 30 दिवसांत. न आल्यास 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्ज फुकट जातो तो ‘का’ मुळे. ‘रस्ता का केला नाही?’ याला उत्तर देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासा नाही. ‘अमुक रस्त्याच्या वर्क ऑर्डरची नक्कल, काम पुरं करायची मुदत आणि ठेकेदाराला दिलेल्या रकमेच्या बिलांच्या नकला द्याव्यात’ असं मागा. एका अर्जात एकच काम. चुकीच्या खात्यात गेला तरी पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

नगरसेवक वर्गाला पैसे देतो म्हणतो. घ्यावेत?

नको. बोलवा मात्र जरूर, निवडणूक लांब असताना, आणि विरोधात हरलेल्यालाही त्याच महिन्यात. तीन प्रश्न आधी लेखी पाठवा, प्रश्न शिकणाऱ्यांनीच वाचावेत, उत्तर फळ्यावर लिहावं आणि खाली तारीख. हार-नारळ नाही. नगरसेविका असतील तर उत्तर त्यांच्या तोंडून घ्या. बरोबर आलेल्या पतिराजांना चहा द्या.

सरकारी योजना कोणती आहे, परीक्षा द्यायची का?

2022 ते 2027 या काळासाठी ‘उल्लास’ हा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. 15 वर्षांपुढच्या कोणालाही, शिकवणारे स्वयंसेवक. परीक्षा 150 गुणांची, वाचन, लेखन, हिशेब प्रत्येकी 50. द्यावी, प्रमाणपत्राचं अप्रूप मोठं असतं. फक्त परीक्षेच्या महिन्यात वर्ग निव्वळ सरावाचा होऊ देऊ नका.

लोक गळतात ते केव्हा?

नवरात्रात नऊ रात्री कोणी येणार नाही, उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आठवड्यात नाही, लग्नसराईत निम्मे. या सुट्ट्या आधीच जाहीर करा. जाहीर सुट्टीनंतर माणूस परत येतो, चुकवलेल्या वर्गानंतर लाजेने येत नाही. दुसरी गळती तिसऱ्या महिन्यात, जोडाक्षरांपाशी. तेव्हा नवं शिकवणं थांबवून दोन आठवडे फक्त ओळखीचा मजकूर वाचून घ्या: लग्नपत्रिका, औषधाची पट्टी, दुकानांच्या पाट्या.

वर्ग संपल्यावर शिकलेलं टिकतं का?

वाचायला काही नसेल तर वर्षात विसरतं. बडोद्याने हे फार आधी ओळखलं होतं. बडोदे संस्थानचे राजे सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, 1906 मध्ये तो राज्यभर नेला, आणि शाळेत शिकलेली मुलं पुढे वाचनावाचून कोरी राहू नयेत म्हणून 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच काळातली, तिथे मराठी पुस्तकंही आहेत. शेवटच्या महिन्यात सगळा वर्ग तिथे न्या आणि प्रत्येकाचं कार्ड काढून द्या.

गल्लीत मात्र एक भिंत हवी. रोज एकाने तिच्यावर पाच ओळी लिहायच्या: नळाची वेळ, वेरा भरायची शेवटची तारीख, कोणाचा अर्ज कुठे अडला, आवक नंबरासकट. चुकीचं लिहिलं तर पुसून दुसऱ्याने लिहायचं. खडूला महिना वीस-तीस रुपये लागतील, ते डब्यातून.